माझ्या भाषणातला दादा

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तसं त्याला माझं बहुतेक सगळं माहीत आहे – पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही दादाला ओळखत नाही, म्हणून असेल.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, विलास. मिरजेला असतो, पतसंस्थेत नोकरी करतो. दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला आणि उजवा पाय गेला. पोलिओची लस निघून तेव्हा वीसेक वर्षं उलटली होती – आमच्या गावात ती पोचली नव्हती, एवढंच. पायाला लोखंडी सळ्यांचा कॅलिपर, आणि बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर. त्या स्कूटरवरून तो मला क्लासला सोडायचा. मी कोपऱ्यावरच उतरायचे. पुढे रस्ता खराब आहे, तुला त्रास होईल, असं म्हणायचे. रस्ता चांगला होता. त्याला कळत होतं का? कळत असणारच.

मी जर्मनीत कोलोनला आले ती डॉक्टरेट करायला. आमच्या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये, गुलाबी द्रवात पेशी वाढवतात. पोलिओची लस शक्य झाली तीही यातूनच – तो विषाणू बाटलीतल्या पेशींत वाढवता येतो हे कळलं तेव्हा. दर उन्हाळ्यात आमच्या संस्थेत लोकांसाठी खुला दिवस असतो. पहिल्याच वर्षी हाइकेनं, म्हणजे आमच्या प्रमुख बाईंनी, मला या लशीवर बोलायला सांगितलं. काहीतरी घरचं सांग, म्हणाली.

समोर बहुतेक म्हातारी माणसं होती. लहानपणी रांगेत उभं करून साखरेच्या खड्यावर लशीचे थेंब दिले होते, ते त्यांना आठवत होतं. सगळी खुशीत होती, एकमेकांना चव सांगत होती. मी दादाचं सांगायला सुरुवात केली. माझ्या भावाला पोलिओ झाला, म्हणाले. सगळी माझ्याकडे वळली. आणि मग – मग मी म्हणाले, तो त्यात वारला.

का म्हणाले? माहीत नाही, असं लिहिणार होते. पण माहीत आहे. लंगडणाऱ्या भावाची मला लाज वाटत होती. मेलेल्या भावाची कुणाला लाज वाटत नाही. एका आजीबाईंनी येऊन माझा हात हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला बरं वाटलं. हेही सांगायलाच हवं ना? मला फार बरं वाटलं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तेच भाषण. कुठे थांबायचं, हे हळूहळू जमत गेलं. मधल्या काळात लग्न झालं, ईरा झाली. नवरा नोकरीसाठी आठवडाभर दुसऱ्या गावी, वाल्डॉर्फला असतो, त्याच्या कानावर हे कधी आलंच नाही. दादाला इकडे बोलवायचं मी टाळत राहिले. थंडी फार आहे, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. लिफ्ट आहे.

यंदाच्या वसंतात तो आलाच. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये शिरताना माझ्याकडे बघून नुसता हसला. ईराला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमधून येतं. म्हणून हा मिरजेत बसून मोबाइलवर जर्मन शिकून आला होता. "भाचीशी बोलायला नको का?" म्हणाला. त्याला माझी प्रयोगशाळा बघायची होती. शनिवारी तिथे कोणी नसतं, म्हणून मी शनिवारी नेलं.

हाइके होती.

तिनं आधी कॅलिपर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ईरा तिला म्हणाली, हा माझा ओंकेल. मी हसले. आमच्याकडे मुलं सगळ्यांनाच मामा नाहीतर काका म्हणतात, हे आमच्या गावचे शेजारी, म्हणाले. हाइकेला ते पटलं. दिवाळीच्या जेवणाला ईरा दिसेल त्या माणसाला काका म्हणते, हे तिनं पाहिलेलं होतं. ईरा तोवर फिरत्या खुर्चीवर गरगर फिरायला लागली होती.

हाइके दादाकडे वळली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून जर्मनमध्ये म्हणाली – मग तुम्ही हिच्या भावाला ओळखत असाल. पोलिओनं गेला तो. फार वाईट वाटतं.

दादा तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, कळलं नसेल त्याला. कळलं नसू दे, असं वाटलं. मग तो जर्मनमध्येच म्हणाला, "या. गुटर युंगे."

हो. चांगला मुलगा होता.

ट्राममध्ये तो काय म्हणतो याची मी वाट बघत होते. तो ईराला पुढच्या स्टॉपचं नाव विचारत होता आणि ती त्याचे उच्चार सुधारत होती. घरी आल्यावर कॅलिपर सोडून पाय चोळत बसला. मी चहा केला. चांगला झालाय, म्हणाला.

आता तो मिरजेला आहे. दर रविवारी फोन करतो, हवा कशी आहे विचारतो. मी सांगते. मला रडू आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसं झालंय – आपलाच आहे, पण बोट लावलं तरी कळत नाही.

परवा खुला दिवस झाला. हाइकेनं विचारलं, मी हो म्हणाले. भाषण तेच केलं. भाऊ वारला, म्हणाले आणि नेहमीच्या जागी थांबले. फक्त एक वाक्य वाढवलं – चांगला मुलगा होता.