झाकणाचा शेंदूर

मोहिनी चहा बशीत ओतायची आणि निवला की परत कपात ओतून प्यायची. फोन उचलला की ‘बोला’ म्हणायची. टोपण हरवलं की पेनही टाकून द्यायची. कोळशाचा ट्रक दिसला की तो कुठून आला असेल याचा अंदाज बांधायची, आणि बहुधा चुकायची.

अंबडमधल्या एका खासगी प्रयोगशाळेत ती कोळशातलं गंधक मोजायची. यंत्रात किरणोत्सर्गी द्रव्याची इवलीशी गोळी होती. तिचे किरण कोळशाच्या भुकटीवर पडले की गंधक आपल्या ठरावीक किरणांनी उत्तर द्यायचं. अहवालावर सही मोहिनीची.

दसऱ्यानंतर प्रत्येक कोळशात गंधक जास्त निघू लागलं. गोळी जुनी झाली असेल, असं म्हणून ती कित्येक दिवस आकड्यांशी झटत बसली. तेवढ्यात सावळीराम या व्यापाऱ्याचा फोन आला. तिच्या अहवालावरून कारखान्याने त्याचा माल परत पाठवला होता.

“ताई, खाणीतनं आला तसाच माल दिला. म्या काय वरून गंधक भुरभुरलं?”

“पुन्हा तपासते, दादा.”

तिने यंत्रात रिकामी डबी ठेवली. रिकाम्या डबीतही गंधक निघालं. बॅटरी मारून पाहिलं, तर आतल्या पातळ पडद्यावर केशरी कण.

खंडेनवमीला ती दरवर्षी यंत्राला हळद-कुंकू लावायची. यंदा मालक ढुंढिराज सरांनी शेंदूर आणला आणि तिनेच तो झाकणाला लिंपला. शेंदरात शिसं असतं. शिशाचं उत्तर गंधकाच्या इतकं जवळ येतं की त्या यंत्राला दोन्ही एकच वाटतात. हे ती कॉलेजात शिकली होती. लिंपताना आठवलं नाही. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

“सर, दसऱ्यानंतरचे सगळे अहवाल मागे घ्यावे लागतील.”

“आता देवाच्या शेंदरालाच दोष?”

“देवाला नाही सर, शिशाला.”

“पडदा बदल आणि गप्प बस. एक अहवाल मागे घेतला की लोक जुनेही उकरून काढतात.”

“आणि सावळीरामदादा?”

“तो विकेल दुसरीकडे. व्यापारी आहे, साधू नाही.”

तिने पडदा बदलला. राखून ठेवलेले नमुने काढले आणि सावळीरामचा आधी मोजला. गंधक मर्यादेत होतं. तिने त्याला फोन करून चूक आपली असल्याचं सांगितलं.

सर दारात उभे होते. “उद्यापासून या यंत्राला हात लावायचा नाही,” ते म्हणाले.

“मग उद्या येऊन करू काय?” मोहिनीने विचारलं.

सरांनी यंत्राचं बटण बंद केलं. तिने पर्स उचलली. बाकीच्या व्यापाऱ्यांचे नमुने टेबलावरच राहिले, एकाचं पाकीट नुकतंच फोडलेलं.