मुगाची पुरचुंडी

ऑपरेशनमध्ये माझा डावा स्तन काढला. पुढे केमो झाली, केस गेले, आणि परत आले ते चक्क कुरळे. जन्मभर माझे केस खराट्यासारखे सरळ. बदलापूर गावातल्या आमच्या आळीतल्या बायका तब्येत विचारायला यायच्या, हळहळायच्या आणि निघताना हळूच विचारायच्या, "पार्लर कुठलं गो?"

घरात सगळं ठीक होतं. पंचाईत व्हायची ती बाहेर पडताना. हॉस्पिटलातून ब्लाउजच्या आत घालायला कापसाची गादी मिळाली होती. ती इतकी हलकी की चालायला लागलं की वर सरकायची. बाजारात शिरेपर्यंत गळ्याशी यायची आणि मी पदराआडून तिला खाली ओढत गवारीचा भाव विचारायचे. गवारवाली माझ्याकडे संशयाने बघायची. शेवटी मी बाहेर जाणंच सोडलं. भाजी नवरा आणायला लागला, म्हणजे आम्ही रोज दुधी खायला लागलो.

हे सासूबाईंना खपेना. त्या पक्क्या शेतकरी. कॅन्सर या शब्दाला त्या कधी घाबरल्या नाहीत. भाताला कीड लागली की जेवढ्या चिडायच्या, तेवढ्याच त्याच्यावर चिडल्या होत्या. एका दुपारी त्यांनी ती गादी हातात घेऊन खालीवर केली आणि म्हणाल्या, "अगो, ह्याला वजनच नाय. वजन नाय तं बसंल कशी?"

"मग काय करू, आत्या?"

त्यांनी एकदा माझ्या उजव्या बाजूकडे नीट पाहिलं, मग फळीवरच्या मुगाच्या डब्याकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत जुन्या मऊ धोतराच्या कापडाची, आत घरचे मूग भरलेली एक गोल पुरचुंडी तयार झाली होती. टाके इतके बारीक, की मुगाचा दाणा काय, त्याचं सालही बाहेर येणार नाही.

आणि ती बसली! जिथे ठेवली तिथेच राहिली. वजन बरोबर, आकार बरोबर. दोष एकच होता, भरभर चाललं की बारीक खुळखुळ आवाज यायचा. सोमवारी नवऱ्याबरोबर अंबरनाथला शंकराच्या देवळात गेले. वाकून नमस्कार केला, तर गाभाऱ्यात खुळखुळ झालं. नवरा कानाशी येऊन म्हणाला, "काही म्हणालीस?" मी म्हटलं, "मी नाही." तो बिचारा पिंडीकडे बघत राहिला.

मी बाहेर पडते आहे ही बातमी नणंदेला लागली. ती उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहते आणि घरूनच गाऊन विकते. तिचा आवाज असा, की तिच्या हातात मोबाईल केवळ शोभेला असतो. रविवारी ती दारात उभी. "वहिनी, आम्ही सगळ्या नदीवर चाललोय. तू पण येतेस."

"अगं, मला अजून..."

"डबा मी घेतलाय. चल."

ऊन तापलेलं होतं. आधी पाय बुडवून बसायचं ठरलं, मग कोणीतरी पाणी उडवलं, मग दुसरीने पहिलीला ढकललं, आणि थोड्या वेळाने आम्ही पाच-सहा पोक्त बायका गळ्यापर्यंत पाण्यात बसून एकमेकींच्या सासरच्यांची उणीदुणी काढत होतो. आजारी पडल्यापासून माझं डोकं रिपोर्ट आणि तपासणीच्या तारखा सोडून कुठे जातच नव्हतं. त्या दिवशी पाण्यात मला एकच काळजी होती, काठावर ठेवलेले वडे कुत्रा तर नेणार नाही ना.

घरी येऊन कपडे बदलले. ओली पुरचुंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीघराच्या दारामागे अडकवली. धुऊन वाळत घालू म्हटलं, आणि थकव्याने साफ विसरले. दोन दिवस कापसाच्या गादीवरच काढले.

तिसऱ्या दिवशी नणंद तिचा राहिलेला डबा न्यायला आली. हात धुवायला न्हाणीघरात गेली आणि आतून तिची आरोळी आली, "वहिनी! अगं, तुला मोड आले!"

आळीने ऐकलं. मी धावले. पुरचुंडी फुगून टम्म झाली होती, शिवण एका बाजूने उसवली होती आणि फटीतून पांढरेशुभ्र, लांबसडक मोड डोकावत होते. नणंद भिंतीला धरून हसत होती. मी हसता हसता खालीच बसले. काखेतली जखमेची जागा ओढायला लागली तरी हसू थांबेना. सासूबाई आल्या, त्यांनी मोड चिमटीत धरून बघितले आणि अभिमानाने म्हणाल्या, "घरचा मूग हाय. एक दाणा वाया गेला नाय."

त्या उसळ करतात की काय, अशी मला क्षणभर भीती वाटली. पण त्यांनी ते सगळे कोंबड्यांना घातले. त्या आठवड्यात नवऱ्याने ऑम्लेट खाल्लं नाही. का, विचारलं तर म्हणाला, "नको. जरा घरच्यासारखं वाटतंय."

मग नणंदेने मला ओढतच कॅम्प तीनच्या बाजारात नेलं. तिथे एका सिंधी बाईच्या दुकानात पडद्यामागे मला सिलिकॉनचा स्तन मिळाला. मऊ, जड, हुबेहूब. नणंदेने तो दाबून बघितला, परत दाबला आणि गंभीरपणे म्हणाली, "वहिनी, हा माझ्यापेक्षा चांगला आहे गं." मग तिने घासाघीस सुरू केली, "एकच घेतोय, तर भाव निम्मा लावा." दुकानवाली सिंधीत ताई म्हणून हाक मारत शांतपणे म्हणाली, "अदी, ये एक-एक ही बिकता है. चप्पल थोडी है?"

तो लगेच घालूनच निघाले. शेअर रिक्षात मागे आम्ही तिघे: एका कडेला नणंद, मधे मी, आणि पलीकडे जीन्सच्या कपड्यांचा भलामोठा गठ्ठा मांडीवर घेतलेला एक माणूस. खड्डा आला, गठ्ठा हलला, त्याचं कोपर माझ्या डाव्या बाजूवर रुतलं. मला पत्ताच नाही. नणंदेने मात्र पाहिलं.

"ओ भाऊ! कोहनी संभालो!"

तो माणूस पांढराफटक पडला. "मॅडम, गलती से लगा. जगह ही नहीं है."

"गलती से? किधर रखा है देखो जरा!"

रस्त्याकडेच्या दुकानांतले लोक माना वळवायला लागले. तो बिचारा माझ्याकडे बघून हात जोडायला गेला, तर गठ्ठा निसटायला लागला. मला त्याची दया आली. मी म्हटलं, "जाने दो भैया. वो मेरा नहीं है."

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. तो माणूस पुढच्याच वळणावर उतरला. त्याला तिथे उतरायचं होतं असं मला वाटत नाही.

नणंदेने ही गोष्ट तिच्या घरी पोचायच्या आत जिन्यातच सगळ्या बिल्डिंगला सांगितली. तिच्या वरच्या मजल्यावरची सिंधी शेजारीण कठड्याला टेकून पोट धरून हसली. पण दुसऱ्या दिवशी तिचाच मला फोन आला. आवाज खाली.

"दीदी, मेरे को भी कुछ हाथ को लगता है. दिवाली से. किसी को बोला नहीं."

"घरवाले को?"

"उसको तो बिलकुल नहीं."

मी म्हटलं, उद्या सकाळी तयार राहा. तिला माझ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. नणंदही आलीच, तिला थांबवणार कोण. बाकावर नंबराची वाट बघताना शेजारणीचे हात थंडगार पडले होते. मला ऑपरेशनच्या आधीचे माझे हात आठवले. मी तिला मुगाची गोष्ट सांगितली. ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. नर्सने येऊन आम्हाला दटावलं. गाठीचा नमुना घेतला. रिपोर्ट येईपर्यंतचा आठवडा ती रोज मला फोन करायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची.

साधी गाठ निघाली.

त्या संध्याकाळी तिने आम्हा दोघींना दाल-पकवान खायला बोलावलं. आम्ही बसलो होतो तेवढ्यात तिचा नवरा दुकानातून आला. ताटं बघून म्हणाला, "आज क्या है? कौनसा त्योहार?"

"कुछ नहीं," ती म्हणाली. "टेस्ट अच्छा आया है."

त्याने उभ्याउभ्या पकवानाचा तुकडा डाळीत बुडवून तोंडात टाकला. "हां," तो मान हलवत म्हणाला, "अच्छा आया है."

नणंदेला ठसका लागला. शेजारणीने त्याच्यासमोर खुर्ची ओढली, "बैठो, एक बात बतानी है," म्हणाली, आणि मी नणंदेचा हात धरून तिला दाराकडे नेलं.