पान लागलं

धोंडीरामला साप ओळखता येत. आष्टीकडच्या माळावर दगड उलटताना कर्र असा आवाज आला, की ते फुरसं. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते हा आवाज काढतं. घोणस जाड, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा तिचा फुत्कार. दोन्ही अंडी घालत नाहीत, पिलंच देतात. दोन्हींच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. हे शेवटचं मात्र त्याला माहीत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात तो आणि बायको केसरबाई उमापूरच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्याची ऊसतोड करत होते. विहिरी आटल्यानं उभा ऊस थोडाच उरला होता. शिवारातले उंदीर त्यात शिरले, त्यांच्यामागं घोणसी. घोणस माणसाला पाहून पळत नाही, पाचटात पडून राहते. एका सकाळी ती केसरबाईच्या हाताला डसली. धोंडीरामनं ती पाहिली.

तासाभरात तो बायकोला घेऊन कारखान्याच्या दवाखान्यात पोचला. डॉक्टर मुंबईचे, येऊन आठवडा झालेला.

"काय झालं?"

"पान लागलंय, सायेब."

साप चावला असं तिकडं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नाव घेतलं की विष चढतं, असं मानतात. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. उसाच्या पानानं हात चिरलेले दहा जण रोज येत. डॉक्टरांनी रक्त पुसलं, पट्टी बांधली.

"हातमोजे घालत जा."

"मोजे घालून कोयता काय पायानं धरू?" केसरबाई म्हणाली. रांगेतल्या बाया हसल्या.

दवा झाली म्हणून दोघं फडात परतले. पट्टी भिजतच राहिली. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. टोळीचा मुकादम बद्रीनाथ दोघांना पुन्हा दवाखान्यात घेऊन आला.

"पानानं हिरड्यांतून रक्त कसं येईल?" डॉक्टरांनी विचारलं.

धोंडीराम बायकोची भिजलेली पट्टी आवळू लागला.

"बोल की बे! कावून गप हायस?" बद्रीनाथ ओरडला. मग तोच म्हणाला, "घोणस हाय, सायेब. यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलीय."

सापाच्या विषावरचं इंजेक्शन बीडच्या सरकारी दवाखान्यात होतं. कारखान्याची जीप निघाली. बीडच्या अलीकडं केसरबाई गेली.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. चौथ्या दिवशी धोंडीराम फडात आला, तो अर्धा कोयता म्हणून. बद्रीनाथनं विधवा तुळजाबाईला त्याच्याबरोबर लावलं.

"तुमी तोडा," ती म्हणाली, "मोळ्या मी बांधते."

तो तोडू लागला.