हलक्या धानात भारी धान

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं धान निघालेल्या बांधीत लाखोरीचा कोवळा पाला भाजीसाठी खुडत होतो. मी सवयीनं बडबडत होतो. बायको म्हणाली, "थांबा जी. खुडू तरी द्या, नाही तं बोलू तरी द्या." मी गप्प बसलो. टोपली भरली, मग शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून तिनं जे बोलायला घेतलं ते ऊन उतरेपर्यंत. मजेत होती.

तिला बरीच वर्षं सोरायसिस होता. कोपरावर, पाठीवर, डोक्यात खवले. खाजेपायी झोप नाही. पुढं पुढं तिचं ध्यान एका जागी राहीना. हातातलं काम अर्ध्यात सुटे. मला वाटे, आळस करते. मग एका वर्षी पऱ्हे टाकताना, रोपांसाठी बी पेरताना, तिनं लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाच्या बियाण्यात उशिरा पिकणारं भारी धान मिसळलं. दिवाळीच्या सुमारास बांधीत अर्धं पीक पिवळं, अर्धं हिरवं. कापावं कसं? लोक पाहायला येत. मी धुऱ्यावर उभा राहून सगळ्यांसमोर तिला पागल म्हटलं. गावानं तेच धरलं.

भंडाऱ्याच्या चामडीच्या डॉक्टरसमोरही मी तेच म्हटलं, तेव्हा त्यानं मला झापलं. म्हणाला, या रोगात काहींची याददाश्त मंदावते, ध्यान लागत नाही. अंगात सूज असते, झोप होत नाही, मन खचते. सगळ्यांचं तसं होत नाही. पण हे पागलपण नव्हे. एका वेळी एकच काम सांगत जा.

घरी येऊन मी म्हटलं, "चुकलं माझं."

"घरात कायले सांगता जी? शिवी तं धुऱ्यावर देली होती."

हसत म्हणाली, पण खरं म्हणाली. गावासमोर बोलायला माझी जीभ काही रेटली नाही. आज बोलू, उद्या बोलू. बाकी आमचं छान चाललं. भाजीत मीठ दोनदा पडू नये म्हणून, टाकलं की ती चुलीपासून ओरडे, "मीठ टाकलं जी!" मी अंगणातून ओरडे, "ऐकलं वं!" शेजारीण हसे, आम्हीही हसू.

भाजी खुडली त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. गाडी येईपर्यंत गेली.

सकाळी अंगणात गाव जमलं. एक म्हातारी म्हणाली, "सुटली बिचारी. डोक्यानं तं पहिलेच गेली होती."

मी उठलो. म्हटलं, "अवं बाई, डोकं शाबूत होतं तिचं. बिमारीनं हळू चालत होतं. तिले पागल म्हटलं, ते मी. धुऱ्यावर, तुमच्या सगळ्याईसमोर. चूक माझी होती."

मग आम्ही तिला उचललं.