चढावर मरणारी मशीन

मालेगावात मी राहतो, पण काम सगळ्या जिल्ह्यात. रस्त्याच्या नाहीतर तलावाच्या कामावर पोकलेन, रोलर, डंपर अडलं की मला फोन येतो. इंजिनाला लॅपटॉप जोडायचा, कोणता सेन्सर कुरकुरतोय ते पाहायचं, मग मीटर घेऊन वायरींचा माग काढायचा. बारा वर्षं हेच करतोय. शेकडो मशीन विसरलो. एक पोकलेन मात्र मनातून जात नाही.

उन्हाळ्यात एका पाझर तलावाचं खोलीकरण चाललं होतं. तिथली पोकलेन रोज दोन-तीनदा दम सोडायची. लाल दिवा लागायचा आणि इंजिन नुसतं घुरघुरत राहायचं. तिचा ऑपरेटर रिठद गावचा, चाळिशीचा माणूस. मी लॅपटॉप जोडत होतो तेव्हा आपणहून म्हणाला, "माह्या बाबानं जनमभर रस्त्यावर गिट्टी फोडली, साहेब. आता मी मशीनवर बसतो तं त्यायले लय बरं वाटते."

डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरकडून फार कमी व्होल्ट येतात, असं स्क्रीनवर दिसलं. झाकण उघडून पाहिलं तर त्या सेन्सरच्या प्लगचं लॉक तुटलेलं आणि प्लग अर्धा बाहेर. मी तो दाबून बसवला. दिवा विझला. सपाटीवर अर्धा तास मशीन चालवून पाहिली, काही झालं नाही.

ऑपरेटर म्हणाला, "सपाटीवर काईच नाई होत, साहेब. चढावर तोंड करून उभी केली की मरते थे."

"चढाचा आणि सेन्सरचा काय संबंध?" मी म्हणालो.

सुपरवायझरनं मला बाजूला नेलं. "यानंच ढिला केला असंल. उनात टेकायले बहाना पाहिजे राह्यते." असे प्रकार मी दोन ठिकाणी पाहिलेही होते. तिकडे रिसोड रस्त्यावर एक रोलर माझी वाट पाहत होता. मी घाईनं अहवालात लिहिलं, 'प्लग हाताने ढिला केल्याचे दिसते.' 'दिसते' हा शब्द मी स्वतःच्या बचावासाठी घातला होता. वाचणाऱ्यांनी तो वाचलाच नाही. ऑपरेटरला तिथल्या तिथं कामावरून काढलं.

मी गाडीला किक मारत होतो तेव्हा तो जवळ आला. "मी कायले काढीन, साहेब? मशीन उभी राह्यली तं शिव्या मलेच भेटतात. तुमी तरी सांगा त्यायले."

"मी फक्त मशीनचं सांगितलं," असं म्हणून मी निघालो.

पाच-सहा आठवड्यांनी त्याच मशीनसाठी पुन्हा फोन आला. तक्रार तीच, ऑपरेटर नवा. प्लग पाहिला, पक्का बसलेला. तेव्हा कुठं मी मशीन बांधाच्या चढावर तोंड करून उभी करायला सांगितली. दोन मिनिटांत इंजिन बसलं. मीटर लावला, पाच व्होल्ट हवे तिथं एकही पुरता नव्हता.

एकाच वायरीतून तीन-चार सेन्सरांना ते पाच व्होल्ट जातात. ती वायर कुठंही लोखंडाला टेकली की सगळ्यांचेच व्होल्ट पडतात, पण आधी बोंब मारतो तो डिझेलच्या दाबाचा सेन्सर. मी एकेक प्लग काढून पाहिला, व्होल्ट परत आले नाहीत. म्हणजे दोष वायरीतच होता. शोधत शोधत इंजिनाच्या मागं गेलो. तिथली एक क्लिप तुटली होती. चढावर वायरींचा जुडगा मागं घसरून लोखंडी पट्टीच्या कडेवर टेकायचा. तिथं वायरीवरचं रबर खाल्लं गेलं होतं, आतलं तांबं तांदळाच्या दाण्याएवढं उघडं पडलेलं. आणि प्लगच्या लॉकचं म्हणाल, तर शेजारच्या प्लगचं लॉक माझ्या बोटातच मोडलं. उष्णतेनं प्लॅस्टिकचा पापड झाला होता. कुणी हात लावायची गरजच नव्हती.

मी सुपरवायझरला दाखवलं. "त्या माणसाला परत बोलवा," म्हणालो.

"बरं झालं सापडलं," तो म्हणाला. "आता नवा माणूस हाये ना. झालं गेलं सोडा."

त्या रविवारी मी वायरीचा कापलेला तुकडा खिशात घालून रिठदला गेलो. त्याची बायको ओट्यावर गवारीच्या शेंगा निवडत होती. तो दुसऱ्याच्या वावरात काडीकचरा वेचायला गेला होता. 'वायरी काढणारा' म्हणून नाव झाल्यावर कुणी मशीनवर घेईना. बायकोनं निरोप धाडून त्याला बोलावलं. आत भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो होता, नवाकोरा, हार घातलेला.

तो आला. मी सगळं सांगितलं, तुकडा हातात दिला. त्यानं तो फिरवून पाहिला, तांब्यावर नख घासलं.

"चढावरच ना?"

"हो. तुम्ही सांगितलं होतं."

"सांगतलं होतं," तो म्हणाला.

बायको म्हणाली, "पंधरा दिवस आंदी आले असते भाऊ, तं बुढ्याले दाखवता आलं असतं."

पोरगा मशीनच्या वायरी काढतो, असं तिच्या सासऱ्यानं चावडीवर ऐकलं होतं. घरी येऊन पोराला विचारलं, खरं सांग, काढली होती का तू? पोरगा नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेच उत्तर. मग म्हातारा विचारायचा थांबला आणि बोलायचाही. त्यातच ताप आला. आठवड्यात सगळं संपलं.

"त्यायले वाटलं, पोरगा खोटं बोलून राह्यला," ऑपरेटर म्हणाला. "तसेच गेले."

माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो तसाच खाली ठेवला.

घरी आल्यावर मी दुसरा अहवाल लिहिला, खरा. ओळखीच्या ठेकेदारांकडे स्वतः घेऊन गेलो. दोघांनी वाचून टेबलावर ठेवला. दसऱ्यानंतर जऊळक्याकडच्या एकानं त्याला घेतलं.

थंडीत त्याच्या या नव्या कामावर मला बोलावणं आलं. इंजिन तापल्याचा दिवा लागत होता, पण इंजिन गरम नव्हतं. मला पाहून तो केबिनमधून उतरला आणि दहा पावलं लांब उभा राहिला. "झाकण उघडा," मी म्हणालो. तो हलला नाही. त्यानं तिथल्या सुपरवायझरला हाक मारली, "इकडं या, साहेब. झाकन उघडून राह्यलो, तुमी पाहा." सुपरवायझर येऊन उभा राहिला तेव्हाच त्यानं झाकण उघडलं. मग दोन्ही हात पाठीमागं बांधून बाजूला झाला.

दिवा कधी लागतो, मी विचारलं. त्यानं सांगितलं ते मी शब्दनशब्द लिहून घेतलं. सेन्सरच खराब निघाला, बदलून दिला. चहा आला. त्यानं आपला ग्लास उचलला आणि डंपरच्या सावलीत एकटाच जाऊन बसला. मला तिकडं जायचं होतं. गेलो नाही.