मिरियमबाईंची काच

वेस्ट विंडसरला आमच्याकडे मित्रमंडळी जमली की कोणीतरी विचारतंच, "काय म्हणतात तुझ्या मिरियमबाई?" मी एक किस्सा सांगायला घेते आणि त्याला चिकटून आणखी चार येतात. बाई मूळच्या हैफाच्या, सत्तरी ओलांडलेल्या, भेटेल त्याला 'शालोम' म्हणून नमस्कार करणाऱ्या. इस्राएलच्या उत्खननांत सापडलेली प्राचीन काच आमच्या लॅबमध्ये तपासतात, आणि लॅब बाई चालवतात.

*

माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी इस्राएलमधल्या गॅलिलीतल्या एका गुहेतल्या लादीचा फोटो दाखवला. खोलीभर पसरलेली, बघणाऱ्याला दगड वाटावी अशी. ती चक्क काच होती! चुना जास्त झाला, काच गढूळ झाली, कारागिरांनी ती तिथेच सोडली.

"म्हणजे बॅच फेल गेली," मी म्हटलं.

"हो. जमलेली काच विकली गेली, फुटली, पुन्हा वितळली. फसलेली तेवढी आपल्यासाठी थांबली."

*

रोहन आमचा रिसर्च स्टुडंट, इकडेच प्लेनोत वाढलेला. एका कुपीवर इंद्रधनुषी पापुद्रे आले होते. त्यानं ब्रश उचलला. "हे क्लीन करू?"

"कर," बाई म्हणाल्या, "पण आधी तिच्याइतकी वर्षं मातीत राहून ये."

रोहननं ब्रश ठेवून दिला.

*

त्याच रोहननं पुढे दाखवून दिलं, की बाई ज्या काचेला आयुष्यभर गॅलिलीची म्हणत आल्या, तिच्यातली वाळू इजिप्तची आहे. सांगायचं कसं, म्हणून बिचारा आठवडाभर जेवला नाही. कॉन्फरन्समध्ये बाई माइकपाशी गेल्या. "माझं म्हणणं चुकीचं होतं. का, ते रोहन सांगेल." मग पहिल्या रांगेत बसून त्याच्या बोलण्याच्या नोट्स घेत राहिल्या.

*

जेरुसलेमजवळ सापडलेल्या एका सुरईनं मात्र सगळ्यांना छळलं. गळ्याभोवती गुंडाळलेला काचेचा धागा बाकी सगळ्या सुरयांपेक्षा उलट्या दिशेनं फिरलेला. कोणी म्हणे वेगळा पंथ, कोणी म्हणे परदेशी कारागीर.

बाई स्वतः वितळलेली काच नळीनं फुंकून भांडी करायला शिकल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हात झोळीत, तरी काचभट्टीच्या स्टुडिओत आल्या. आम्ही नको नको म्हणत असताना नळी आमच्या आधारानं तोलली आणि तशीच एक सुरई, गळ्याभोवतीच्या धाग्यासकट, डाव्या हातानं केली. ती वेडीवाकडीच झाली.

ती थंड झाल्यावर बाईंनी जुन्या सुरईचा फोटो शेजारी धरला. दोन्ही धागे एकाच दिशेनं फिरले होते.

"म्हणजे तो कारागीर डावखुरा होता!" रोहन म्हणाला. मग बाई फोटोकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "शालोम."