फुकट आणि सक्तीचं

फुकट मिळणाऱ्या वस्तूवर सोसरबाईचा विश्वास नव्हता आणि सक्तीच्या वस्तूवर तर मुळीच नव्हता. त्यामुळे गावच्या सरकारी शाळेतल्या शिक्षिका विमला मीणा तिच्या गाड्यापुढे उकिडव्या बसून म्हणाल्या, की नातीला शाळेत पाठवा, शिक्षण फुकट आहे आणि नव्या कायद्याने सक्तीचंही आहे, तेव्हा तिने हातातला घण खाली ठेवला. एरवी ती घण ठेवत नसे. गाड्यातच संसार थाटून गावोगाव फिरणाऱ्या गाडिया लोहारांत सांडशी पुरुषाच्या हातात आणि घण बाईच्या. पंचावन्नाव्या वर्षीही मुलाच्या, देबीलालच्या, समोर उभी राहून ती तापलं लोखंड बडवत असे.

"चांगली वस्तू असती तर लोकांनी रांगा लावल्या असत्या," ती म्हणाली. "सक्ती कशाला करावी लागते?"

विमलाबाईंनी पुस्तकांचं सांगितलं, दुपारच्या जेवणाचं सांगितलं. जेवणाचं ऐकून सोसरचा संशय पक्का झाला. वर खायलासुद्धा घालतात म्हणजे आत काहीतरी काळंबेरं असणारच.

तिला कोण वेडं म्हणेल? आणीबाणीच्या वर्षी टोंकच्या जत्रेबाहेर त्यांचे गाडे उभे असताना एक जीप आली होती. तरुण पुरुषांना फुकट ऑपरेशन, वर तुपाचा डबा. नको म्हणाले त्यांना दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. तिचा नवरा हजारी संध्याकाळी पाय फाकवत परत आला, हातात डबा घेऊन. देबीलाल तेव्हा रांगत होता. त्याच्या पाठीवर पुढे कोणी आलं नाही. सोसरने त्या तुपाला बोट लावलं नाही. गाड्याच्या आसाला चोपडून संपवलं.

नऊ वर्षांची नात लाछी मात्र बाई येऊन गेल्यापासून बिघडली. भाता ओढताना मान शाळेकडे, विस्तव विझायला आलेला, लोखंड काळं पडलेलं. देबीलाल ओरडला, लाछीच्या आईने दोन धपाटे घातले, काही उपयोग नाही. शेवटी सोसरने गाडा हलवला आणि थेट शाळेच्या भिंतीला लावला. नजर ठेवायची तर जवळून ठेवावी.

पोरीचा हट्ट एकदाचा फिटू दे म्हणून सकाळी लाछीचा हात घट्ट धरून ती दाराशी गेली. ओसरीच्या पत्र्याखाली पाऊल टाकलं नाही. चित्तोड मोगलांच्या हाती पडलं तेव्हा पूर्वजांनी घेतलेल्या शपथेपासून तिच्या कुळाला छप्पर वर्ज्य. उन्हात उभी राहूनच तिने मुलगी पुढे केली.

हेडमास्तर बंशीधर यांनी आधी गाडा पाहिला, मग पोरीचे कोळशाचे हात. जन्माचा दाखला मागितला. सोसर म्हणाली, ही बाभळीखाली जन्मली, बाभळ दाखला देत नाही. मग दाखला काढून या, हेडमास्तर म्हणाले, आणि तसंही होळी झाली की तुम्ही गाडे जुंपणार, मागे नुसतं नाव राहणार आणि वरच्यांना जाब आम्ही द्यायचा.

सोसर वळली. आपण म्हणत होतो तेच खरं झालं, म्हणून तिला बरंही वाटलं. लाछी मात्र दगडासारखी जागच्या जागी.

तेवढ्यात खडूचे हात पदराला पुसत विमलाबाई वर्गातून आल्या. "सर, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. सक्ती आधी आपल्यावर आहे. मूल दाराशी आलं की घ्यावंच लागतं."

सोसर थांबली. "सक्ती याच्यावर?"

"हो, मांजी."

"याच्या मनात नसलं तरी?"

"तरी."

तडा गेलेली पहार न्याहाळावी तसा सोसरने हेडमास्तरांचा चेहरा न्याहाळला. कडू औषध प्यायल्यासारखा झाला होता. तुपाचा डबा देणारे हसत होते, हे तिला चांगलं आठवत होतं. जे देताना सरकारी माणसाचं तोंड इतकं वाकडं होतं, ते काहीतरी कामाचं असणार.

"जा आत," ती लाछीला म्हणाली.

संशय गेला असं मात्र कोणी समजू नये. तो आता हेडमास्तरांवर बसला. तिने ऐरण शाळेच्या खिडकीखाली रोवली. आतून पाढ्यांचा आवाज येई तोवर ती कोळसे फोडत बसे. वर्ग फार वेळ गप्प राहिला, की उठून रिकाम्या ऐरणीवर घण घाली. एकदा डोळे चोळत हेडमास्तर बाहेर आले, म्हणाले, अहो, पोरं शिकतायत.

"मग शिकवल्याचा आवाज येऊ दे की, माटसाब. आला की मी थांबते."

होळीनंतर गाडे निघाले. पुढच्या गावी सोसरने आधी शाळा शोधली आणि पत्र्याच्या सावलीबाहेर उभं राहून मुलगी पुढे केली. सक्ती तुमच्यावर आहे, मला ठाऊक आहे, असं तिने आल्याआल्याच ऐकवलं. तिथले तरुण मास्तर मोकळेपणी हसले. या, या, बसा, म्हणाले.

सोसरने झटकन लाछीचा हात मागे ओढला. "हा हसतोय," ती पुटपुटली. "चल इथून."

लाछीने हात सोडवून घेतला आणि ती आत गेली.

 सोसर देबीलालला हाक मारून म्हणाली, ऐरण काढ, खिडकी कुठे आहे बघ.